रात्रपाळी बंद होणार: एका भाषणाचे सहा मसुदे

पार्श्वभूमी

यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. तीन पाळ्या मिळून अडीचशेच्या आसपास कायम कामगार. दीड वर्ष मागणी घसरत होती आणि शेवटी संचालक मंडळानं तिसरी पाळी, म्हणजे रात्रपाळी, बंद करायचं ठरवलं. रात्रपाळीत 84 जण होते. त्यातल्या 53 जणांची पहिल्या-दुसऱ्या पाळीत सोय होणार होती. उरलेल्या 31 जणांपुढे दोन वाटा होत्या: कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात बदली, नाहीतर भरपाई घेऊन नोकरी सोडणं. कोण कुठल्या गटात, ती यादी अजून व्हायची होती.

हे सांगायचं काम कारखान्याच्या प्रमुखांकडे आलं. बावीस वर्षं तिथंच काढलेला, शॉपवर, म्हणजे यंत्रांच्या विभागात, उभं राहून वर चढलेला माणूस. सगळे त्यांना साहेब म्हणत, दोन-चार जुने फिटर मात्र अजून नावानं हाक मारत. भाषणाची वेळ ठरली दुपारची, पहिली पाळी सुटताना आणि दुसरी लागताना. जागा असेंब्ली शॉप, वेळ दहा मिनिटं. रात्रपाळीच्या लोकांना त्यासाठी खास निरोप धाडले होते.

मी भाषणं लिहून देत नाही. लोकांनी लिहिलेली भाषणं दुरुस्त करते. मसुदा माझ्याकडे आला तेव्हा आठ दिवस हातात होते. ओळख पटेल असं सगळं इथं काढून टाकलं आहे.

मसुदा आला तेव्हा

2,140 शब्द. स्वागत, मग कारखान्याची वाटचाल, मग गेल्या वर्षी मिळालेली गुणवत्तेची प्रमाणपत्रं, मग बाजाराची परिस्थिती. शेवटाकडे नऊ विभागांचे आभार आणि एका कवितेच्या चार ओळी. मधे, दहाव्या परिच्छेदात, हे वाक्य:

‘बाजारपेठेतील बदलत्या परिस्थितीच्या अनुषंगाने व उत्पादनक्षमतेच्या सुयोग्य विनियोगाच्या दृष्टीने व्यवस्थापनाकडून सखोल विचारांती तिसऱ्या पाळीचे कामकाज पुढील तिमाहीपासून स्थगित करण्याबाबतचा निर्णय घेण्यात आलेला आहे.’

प्रमुखांचा निरोप एवढाच होता: ‘लांब झालंय, अर्धं करून द्या.’

मी त्यांना फोनवर दोन पानं मोठ्यानं वाचायला लावली आणि घड्याळ लावलं. मिनिटाला 108 शब्द. म्हणजे पूर्ण मसुद्याला वीस मिनिटं. पण मला धक्का बसला तो दुसऱ्याच हिशेबानं. ते वाक्य यायच्या आधी तेराशे शब्द होऊन जात होते. दहा मिनिटांच्या भाषणात बातमी बाराव्या मिनिटाला येत होती.

(आपण मिनिटाला किती शब्द बोलतो हे प्रत्येकानं एकदा मोजावं. इंग्रजीसाठी सांगितले जाणारे 130 ते 150 चे आकडे मराठीला तसेच लावू नयेत. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे मराठी शब्द लांब असतो आणि मिनिटाला कमीच बसतात.)

अडचण नेमकी कुठे

लांबी हे नुसतं लक्षण होतं. मसुदा लांबला होता, कारण लिहिणारा एका वाक्यापाशी पोचायला घाबरत होता आणि पोचल्यावर तिथून लवकर निसटत होता. त्याला वळसा घालायला इतिहास आला, आकडे आले, आभार आले. नुसतं निम्मं केलं असतं तर वळसाही निम्मा राहिला असता, इतकंच.

दुसरी गोष्ट त्या वाक्याच्या बांधणीची. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘घेण्यात आलेला आहे’ पर्यंत पोचेस्तोवर ऐकणाऱ्यानं वीसेक शब्द डोक्यावर तोलून धरायचे. कागदावर डोळा मागे जाऊ शकतो, कानाला ती सोय नाही. आणि एवढं तोलून शेवटी हाती काय लागतं? निर्णय ‘घेण्यात आला’. घेणारा गायब.

हे प्रमुखांना सांगितल्यावर ते जरा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, ‘आमच्याकडे पत्रं अशीच असतात.’ खरंच होतं. भाषण लिहायला बसलं की हात आपोआप परिपत्रकाकडे वळतो. घरी एक वाक्यही तसं न बोलणारा माणूस माइकसमोर ‘अनुषंगाने’ म्हणतो.

समोरचे पर्याय

चार होते. पहिला, सांगितल्याप्रमाणे काटछाट. दुसरा, मी नव्यानं लिहून द्यायचं. तिसरा, प्रमुखांनी कागद बाजूला ठेवून मला तोंडी सांगायचं आणि त्या बोलण्यातून मसुदा उभा करायचा. चौथा मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी सुचवला: भाषण नकोच, पत्र द्या आणि सुपरवायझरांना दहा-दहाच्या गटात बोलू द्या.

चौथा पर्याय मी सहज बाजूला सारला नाही. नोकरी जाण्याची बातमी अडीचशे लोकांच्या गर्दीत ऐकण्यापेक्षा ओळखीच्या माणसाकडून छोट्या खोलीत ऐकणं बरं, हे कुणालाही पटेल. पण यादीच तयार नव्हती. सुपरवायझरांना विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देता आलं नसतं, आणि पंचवीस गटांत बातमीच्या पंचवीस आवृत्त्या निघाल्या असत्या. ठरलं असं: बातमी सर्वांना एकाच वेळी, प्रमुखांच्या तोंडून, यादी लागल्यावर छोटे गट.

दुसरा पर्याय वेळ वाचवणारा होता. पण मी लिहिलेलं वाक्य बावीस वर्षं ओळखणाऱ्या लोकांसमोर त्यांच्या तोंडी परकं वाटलं असतं. तिसरा घेतला.

काय केलं

दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं, ‘सर, रात्रपाळीतला एखादा जुना माणूस उद्या गेटवर भेटला आणि त्यानं विचारलं की काय चाललंय, तर काय सांगाल?’ रेकॉर्डर चालू होता. ते चार मिनिटं बोलले. सुरुवात अशी होती: ‘रात्रपाळी बंद होतेय बघ. मला सांगायला जड जातंय, पण दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.’ वीस मिनिटांच्या मसुद्यात जे नव्हतं ते या तीन श्वासांत होतं. दुसरा मसुदा यावरून उभा राहिला.

क्रमावर पहिला वाद झाला. मनुष्यबळ विभागाचं म्हणणं, आधी पार्श्वभूमी द्या, लोकांना मनाची तयारी करू द्या. तत्त्व म्हणून हे चूक नाही. एखाद्याला काही पटवून द्यायचं असेल तेव्हा कारणं आधी येतात. पण इथं पटवायचं काही नव्हतं, कळवायचं होतं. आणि रात्रभर काम करून आलेल्या, दिवसा झोपणाऱ्या लोकांना दुपारी बोलावल्यावर काहीतरी वाईट आहे हे त्यांना न सांगताच कळणार होतं. तसा माणूस कारखान्याची वाटचाल ऐकत नाही, पुढचं वाक्य हेरत बसतो. बातमी तिसऱ्या वाक्यात आणली. कारणं तिच्यानंतर, तीही दोनच: मागणी किती घसरली आणि तिन्ही पाळ्या चालवण्याइतकं काम कधीपासून नाही.

मग ‘स्थगित’. हा शब्द कायदा सल्लागारांचा होता. पुढेमागे पाळी पुन्हा सुरू झाली तर अडचण नको, म्हणून. त्यांचा मुद्दा समजण्यासारखा होता. पण शॉपवर ‘स्थगित’ ऐकलं की निम्मे लोक ‘थोड्या दिवसांची गोष्ट आहे’ असं समजणार आणि बदलीचा अर्ज भरायचं पुढे ढकलणार. एका शब्दानं कुणाचा महिना वाया जाऊ शकत होता.

इथं मी त्यांना अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या मसुद्याची गोष्ट सांगितली. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर 8 डिसेंबर 1941 ला अमेरिकन संसदेसमोर केलेल्या भाषणाचा टंकलिखित मसुदा उपलब्ध आहे, हातानं केलेल्या खाडाखोडीसकट. पहिल्या वाक्यात ही तारीख ‘जगाच्या इतिहासात’ राहील असं होतं. ते खोडून त्यांनी कलंक, अपकीर्ती या अर्थाचा शब्द घातला. हा बदल सगळ्यांना माहीत असतो. मला त्याच वाक्यातला दुसरा बदल जास्त शिकवून गेला. हल्ला ‘एकाच वेळी’ झाला असं होतं, त्याचं ‘अचानक’ केलं. ‘एकाच वेळी’ ही लष्कराच्या कामाची माहिती झाली. ‘अचानक’ हे ऐकणाऱ्याला जे वाटलं ते. ‘स्थगित’ हा आमच्या फायलीचा शब्द होता, ‘बंद’ हा ऐकणाऱ्याचा.

शेवटी मार्ग निघाला तो दोन वाक्यांचा. ‘30 तारखेची रात्रपाळी शेवटची. पुन्हा सुरू होईल का, तर आज तसं काहीही ठरलेलं नाही.’ सल्लागारांना हवी ती फट दुसऱ्या वाक्यात राहिली आणि ‘पुढील तिमाहीपासून’ जाऊन तारीख आली. तिमाही कधी सुरू होते हे हिशेबनीसाला माहीत असतं, प्रेसवरच्या माणसाला तारीख लागते.

पुढचा मुद्दा मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो कागदावर दिसतच नाही. मराठीत नकारही शेवटी येतो. मसुद्यात होतं: ‘कोणत्याही कामगाराचे कोणतेही देणे थकवले जाणार नाही.’ व्याकरणानं निर्दोष. आता हे बोलून पाहा. वाक्याच्या शेवटी आवाज उतरतो, श्वास संपत आलेला असतो, आणि नेमका तिथं ‘नाही’ उभा. शॉपवर मागे कॉम्प्रेसर, कुणाचा तरी खोकला. ‘नाही’ हरवला की उरतं ‘देणे थकवले जाणार’. अशी सात वाक्यं निघाली. ती सगळी उलटवली: ‘प्रत्येकाला त्याचं देणं पूर्ण मिळेल, 30 तारखेच्या आत.’ जिथं उलटवता येईना तिथं नकार आधी आणला: ‘सक्ती नाही. बदली घ्यायची की भरपाई, ते तुम्ही ठरवायचं.’ दोन वाक्यं झाली, पण ‘नाही’ला स्वतःचा श्वास मिळाला.

त्यानंतर सर्वनामं. मूळ मसुद्यात ‘आपण’ 31 वेळा होतं, ‘मी’ दोनदा (दोन्ही आभारांत), ‘आम्ही’ एकदाही नाही. ‘आपण’ हा फार मऊ शब्द. तो तुम्हा-आम्हाला एकत्र बांधतो, आदरानं ‘तुम्ही’ म्हणूनही चालतो. पण ‘आपण हा कठीण निर्णय घेतला आहे’ या वाक्यात तो शुद्ध खोटं बोलतो. समोर उभ्या असलेल्या 84 जणांनी काहीच घेतलं नव्हतं. लाल पेन्सिलनं प्रत्येक ‘आपण’ला गोल केला आणि एकच प्रश्न विचारला: यात समोरचा माणूस खरोखर आहे का? 31 पैकी पाच उरले. बाकी ठिकाणी ‘मी’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ जे खरं असेल ते.

मनुष्यबळ विभागाच्या बाई म्हणाल्या, ‘आम्ही-तुम्ही केलं की भिंत उभी राहते.’ मी म्हणाले, भिंत त्या दिवशी आहेच, शब्द बदलून ती जाणार नाही. यावर त्या म्हणाल्या की तुम्ही भाषण झाल्यावर घरी जाल, आम्हाला याच लोकांबरोबर काम करायचंय. या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. निकाल प्रमुखांनी दिला. त्यांनी स्वतः वाक्य लिहिलं: ‘हा निर्णय संचालक मंडळानं घेतला. मलाही विचारलं होतं, आणि मी हो म्हणालो.’ सगळ्या मसुद्यात माझा हात न लागलेलं हे एकमेव वाक्य.

गाळण्यात सर्वांत त्रास झाला एका आठवणीचा. उमेदवारीच्या काळात रात्रपाळीला यंत्र अडकलं आणि एक म्हातारा फिटर पहाटेपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिला, अशी ती गोष्ट. 190 शब्द, आणि सगळ्या मसुद्यात सर्वांत चांगलं लिहिलेला भाग. दुसऱ्या कुठल्याही समारंभात मी तिच्यासाठी भांडले असते. पण ज्याची पाळी जाणार त्यानं साहेबांच्या आठवणी ऐकाव्यात ही अपेक्षा अवघड. ऐकणारा सुस्तावलेला असला तर गोष्ट त्याला जागं करते. घाबरलेला असला तर ती त्याला अडवून धरते. तिचं एक वाक्य राहिलं: ‘माझी इथली पहिली दोन वर्षं रात्रपाळीतच गेली.’

नऊ विभागांचे आभार विनावाद गेले. कविता गेली.

चौथ्या मसुद्यात आणखी एक परिच्छेद गेला. रात्रपाळीत 84 कायम कामगारांखेरीज 19 कंत्राटी कामगार होते. त्यांच्याबद्दल मसुद्यात पाच ओळी होत्या, नुसत्या गोल गोल: ‘संबंधित कंत्राटदाराशी समन्वय साधून यथावकाश योग्य ती कार्यवाही’. मी समासात लिहिलं, ‘यात काही माहिती नाही, काढू या.’ प्रमुखांनी विचारलं, नक्की? ठेकेदाराशी बोलणं चालू आहे, ठरलेलं काही नाही. मी म्हणाले, मग बोलायचं काय? त्यांनी मान डोलावली. या निर्णयाला आम्ही जेमतेम एक मिनिट दिलं.

पाचवा मसुदा शॉपवर वाचला, सुटीच्या दिवशी. उंच पत्रे, उघड्या भिंती, आवाज घुमत होता. घुमणाऱ्या जागेत स्वर रेंगाळतात आणि पुढच्या व्यंजनांना झाकून टाकतात, म्हणून जोडाक्षरांनी भरलेला शब्द सर्वांत आधी विरघळतो. शेवटच्या खांबापाशी उभं राहून मला ‘पुनर्नियोजन’ ऐकू आलंच नाही, काहीतरी ‘...नियो...न’ आलं. तिथं ‘पाळी बदलून मिळेल’ केलं. असे अकरा शब्द बदलले. टेबलावर बसून केलेल्या कुठल्याही फेरीत हे अकरा शब्द मला खटकले नव्हते.

सहावी प्रत वाचायची. मोठा टाइप, एका ओळीत एका श्वासात मावेल तेवढंच, पानाचा खालचा तिसरा भाग कोरा, म्हणजे मान फार खाली जात नाही. ही युक्ती जुनी. चर्चिल आपली भाषणं स्तोत्राच्या ओळींसारखी तोडून टाइप करून घेत. 1904 साली ब्रिटिश संसदेत पाठ केलेलं भाषण मध्येच विसरून त्यांना खाली बसावं लागलं होतं, त्यानंतर त्यांनी टिपणांशिवाय बोलणं सोडलं. शेवटच्या प्रतीत 870 शब्द होते, म्हणजे आठ मिनिटं. दोन मिनिटं थांबण्यासाठी राखली.

आदल्या संध्याकाळी प्रमुख म्हणाले, ‘मार्टिन ल्युथर किंगनी स्वप्नाचा तो भाग लिहिलेला नव्हता म्हणतात. मग एवढे सहा मसुदे कशाला?’ लिहिलेला नव्हता हे खरं. 28 ऑगस्ट 1963 ला वॉशिंग्टनमध्ये हातातल्या मसुद्यात ‘माझं एक स्वप्न आहे’ हा भाग नव्हता. पण तोच भाग त्यांनी आदल्या वर्षी रॉकी माउंटला आणि त्याच वर्षी जूनमध्ये डेट्रॉइटला बोलून झाला होता. उत्स्फूर्त होती ती जागा. शब्द जिभेवर मुरलेले होते. मी त्यांना म्हणाले, सुचलं तर बोला, पण नवं आश्वासन तेवढं देऊ नका.

प्रत्यक्ष भाषण

मी शेवटच्या खांबापाशी उभी होते. तिसरं वाक्य झालं. तिथं मनातल्या मनात चार अंक मोजायचे असं ठरलं होतं. प्रमुख थांबले नाहीत. साहजिक होतं, त्या शांततेत उभं राहणं किती कठीण असतं हे सल्ला देणाऱ्याला कळत नाही. पुढची दोन वाक्यं कुजबुजीत बुडाली, आणि त्यातलं एक 30 तारखेचं होतं.

‘मी हो म्हणालो’ या वाक्याला मात्र सगळं शॉप गप्प होतं. मागच्या रांगेतून कुणीतरी काहीतरी शिवीवजा बोललं, पण तेही हळू आवाजात.

शेवटाकडे त्यांनी कागदावरून मान वर केली आणि मसुद्यात नसलेलं वाक्य बोलले: ‘यातल्या प्रत्येकाशी मी स्वतः बोलणार आहे.’ माझ्या पोटात गोळा आला. त्यांच्या मनात ते 31 जण होते. पण ‘यातल्या’ म्हणजे कुणातल्या? ऐकणाऱ्या 84 जणांनी ते आपल्यावर घेतलं. आठ दिवस सर्वनामं घासली आणि शेवटी एक मोकाट सुटलंच.

अकराव्या मिनिटाला भाषण संपलं. पहिला प्रश्न दाराजवळून आला, निळ्या ओळखपत्राच्या एका पोराकडून. निळं ओळखपत्र कंत्राटी कामगारांचं.

‘साहेब, आणि आम्ही?’

प्रमुखांनी माझ्या दिशेनं पाहिलं, मग कागदाकडे. कागदावर काही नव्हतं, आम्हीच काढलं होतं. ते म्हणाले, ‘त्याबाबत यथावकाश योग्य तो निर्णय घेण्यात येईल.’

परिणाम

चांगलं काय झालं ते आधी. दुसऱ्या दिवशी युनियनच्या बैठकीत आलेले प्रश्न मनुष्यबळ विभागानं मला दाखवले. यादी कशावर ठरणार, सेवाज्येष्ठता धरणार का, बदलीच्या ठिकाणी राहायची सोय काय. पाळी खरंच बंद होणार का, असं कुणी विचारलं नाही. त्याच कारखान्यात आधी ओव्हरटाइम कमी करताना निघालेल्या पत्राचा अर्थ लावण्यात तीन आठवडे गेले होते, असं बाईंनीच सांगितलं. तारीख मात्र खूप जणांना कळली नव्हती. संध्याकाळी ती फलकावर लावावी लागली.

31 जणांपैकी 19 जणांनी बदली घेतली, 12 जणांनी भरपाई. याचं श्रेय भाषणाला देता येणार नाही. अटी बऱ्या होत्या.

‘प्रत्येकाशी बोलणार’ हे वाक्य प्रमुखांनी अंगावर घेतलं. तीन आठवडे रोज रात्री चार-पाच जणांशी ते बोलत होते. मला एकदा म्हणाले, ‘एक शब्द महागात पडला.’ तक्रारीचा सूर नव्हता.

कंत्राटी कामगारांना त्यांचं काय होणार ते नऊ दिवसांनी ठेकेदाराकडून कळलं. त्याआधीच काही जण यायचे थांबले होते.

पुन्हा करायचं झालं तर

पेन्सिल उचलायच्या आधी त्या जागेत कोणकोण उभं असणार याची यादी करेन, आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाचा पहिला प्रश्न लिहीन. आम्ही मसुद्यातली वाक्यं एकेक करून तपासली. माणसं तशी तपासली नाहीत. कंत्राटी कामगारांचा परिच्छेद वाईट लिहिला होता म्हणून मी काढला. लेखनाचा निकष तिथं लावण्यात माझी चूक झाली. ज्या परिच्छेदात माहिती नसते त्यात बहुधा एक न सुटलेला प्रश्न असतो, आणि प्रश्न गाळता येत नाही. तिथं दोन ओळी पुरल्या असत्या: ‘कंत्राटी 19 जणांचं अजून ठरलेलं नाही. 12 तारखेला यादीबरोबर तेही सांगतो, ठरलं नसेल तर तसं सांगतो.’ प्रमुखांनी ‘नक्की?’ असं विचारलं होतं. त्यांचा कान माझ्यापेक्षा तयार होता, आणि मी समासातल्या माझ्या टिपणावर खूश होते.

थांबा कागदावर दिसेल असा ठेवेन. ‘इथं थांबा’ अशी सूचना ताणाखाली कुणी वाचत नाही. बातमीच्या वाक्यानंतर पान संपवलं असतं, तर उलटण्यात आपोआप चार अंक गेले असते. तारीखही एकदाच बोलायची नव्हती. सुरुवातीला आणि अगदी शेवटी, दोनदा.

प्रश्नोत्तरांची तयारी भाषणात धरेन. आम्ही सगळी मेहनत 870 शब्दांवर घेतली आणि 871 वा शब्द देवावर सोडला. सराव नसलेल्या ठिकाणी माणूस सवयीच्या भाषेत परततो. प्रमुखांच्या तोंडून आलेलं उत्तर थेट पहिल्या मसुद्याच्या भाषेतलं होतं.

उत्स्फूर्त वाक्याबद्दल माझं मत अजून डळमळतं. ते मोघम होतं, खर्चिक होतं, आणि आधी दाखवलं असतं तर मी खोडलं असतं. युनियनचे एक पदाधिकारी नंतर म्हणाले की भाषणातलं तेवढंच त्यांच्या लक्षात आहे.

काम संपल्यावर प्रमुखांनी सगळे मसुदे मला परत पाठवले, पुढच्या कुणाला उपयोगी पडतील म्हणून. चौथ्या मसुद्याच्या दुसऱ्या पानावर, जिथं त्या पाच ओळींवर माझी आडवी रेघ होती, तिथं समासात त्यांच्या अक्षरात नावं होती, बारीक, एकाखाली एक. एकोणीस. पंधरांपुढे बरोबरची खूण होती, चारांपुढे फोन नंबर आणि ‘लागत नाही’.